भाजलेला हात कोणता?

नाही, ती यादी आधी खाली ठेवा. चाळीस चुका! चाळीस म्हणे! अकरा ऐकल्या तेवढ्यात माझं पोट भरलं. टेलिफोनची तार कापलेली दाखवली आणि पुढच्याच प्रसंगात फोन वाजतो — बरं, वाजतो. हिरो नदीतून बाहेर येतो आणि दोन मिनिटांत त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा — बरं, इस्त्रीचा. आईनं वीस वर्षं पोरगा शोधला, पण पोलिसांत एकदाही तक्रार दिली नाही — हो, नाही दिली, दिली असती तर तिसऱ्या रिळातच सापडला असता तो, आणि सगळे आपापल्या घरी गेले असते! याला चूक नाही म्हणत हो, याला सिनेमा म्हणतात. चांगले शिकलेले दिसता, केसही पिकायला लागलेत, आणि एका म्हाताऱ्या सिनेमाच्या मागे भिंग घेऊन फिरताय — शी! बसा, बसा, उठू नका. मी अशीच बोलते. चहा घ्या तो, निवतोय.

तर काय म्हणत होते — हां, मी. मी त्या सिनेमाची कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे काय ते तुमच्या वाचकांना सांगा नीट, नाहीतर लिहाल काहीतरी भारदस्त. भारदस्त काही नाही त्यात. आज हिरो दारापर्यंत चालत आला, दार उघडून आत गेला तो दहा दिवसांनी, दुसऱ्या स्टुडिओत — मग दहा दिवसांआधी वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, सिगारेट किती जळली होती, पेला कुठल्या हातात होता, हे कुणाच्या लक्षात राहणार? माझ्या. त्यासाठी ही वही. जाडजूड आहे, आणि सेटवर मलाच चालतीबोलती वही म्हणायचे. बाकी सगळ्यांनी सिनेमा बघायचा, मी फक्त बटणं बघायची.

आता तुमची बारा नंबरची चूक. तिच्यासाठीच आलात ना? मग अकरा कशाला ऐकवल्यात — तोंड गोड करायला? तो भाजल्याचा डाग. लहानपणी इस्त्री पडून पोराचा उजवा हात भाजतो, कोपराखाली, आणि वीस वर्षांनी कोर्टात आई त्याची बाही वर सारते तर डाग डाव्या हातावर. मधे कुठे दिसत नाही, पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेत सगळीकडे. झालं! चाळीस वर्षं चघळतायत लोक. एकानं मला पत्र लिहिलं होतं, सात पानी — की तो तिचा मुलगाच नाही, तोतया आहे, आणि आईला ते ठाऊक आहे, तरी ती त्याला पोटाशी धरते, हाच म्हणे सिनेमाचा गाभा! आणि हे ऐकून आमच्या दिग्दर्शकसाहेबांनी काय केलं? मुलाखत दिली! "डाग मी मुद्दाम बदलला," म्हणाले. मुद्दाम! रशेस, म्हणजे न जोडलेलं कच्चं चित्रण, बघताना पडद्यावर डावा हात आला तेव्हा या माणसानं खुर्ची फेकली होती हो. मी दाराशीच उभी होते. आणि आता पोरांना शिकवतात, सत्कार घेतात, मान हलवतात — त्या मुलाखतीचं कात्रण मी चिमट्यात धरून फेकलं, हातानं उचलवेना मला.

चूक होती ती. साधी, मठ्ठ, धडधडीत चूक. आणि ती माझी नव्हती, एवढंच मला तुमच्याकडून छापून हवंय. कारण नंतर सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं — कंटिन्युइटी कोण होती? ही होती. मग पुरावा दाखवते म्हटलं तुम्हाला. हे बघा. हाच दिवस. कोर्टाचा प्रसंग. वाचा — "मेकअपदादांना उजवा हात सांगितला. त्यांनी डावा केला." झालं? त्यांचं नाव लिहू नका हवं तर, वयानं मोठा माणूस होता, चांगला होता, सगळे दादाच म्हणायचे. पण चूक त्यांची. लिहा.

काय? कुठे? हो, शाईनं आहे, मग? बाकीचं पेन्सिलनं आहे कारण सेटवर सगळं बदलत असतं, खोडावं लागतं — आणि त्या दिवशी पेन्सिल मोडली असेल. खालच्या ओळी परत पेन्सिलीच्या? हो... मग मोडली नसेल. दादांनी नेली असेल कुणाच्या भुवया काढायला, मग आणून दिली असेल. एवढं काय त्यात? अडचणीत लिहिलंय, समासात, हो, जागा नव्हती. तुम्ही काय वकील आहात? बोट काढा ते पानावरून. काढा म्हणते ना. असे बघताय जसं काही —

चहा संपवा.

संपवला? बरं. पोट भरलेल्या मांजरासारखे बसलायत नुसते.

मला विचारलं होतं दादांनी. सकाळी. रंगाची वाटी हातात, समोर तो हिरो बाह्या सारून बसलेला. लहान पोराला डाग लावला होता तोही दादांनीच, पण दोन महिने झाले होते, मधे शंभर तोंडं रंगवली त्यांनी, कसं आठवणार? म्हणाले, "वही बघून सांग गं पोरी, डावा का उजवा?" वही काखेत होती माझ्या. काखेत! पण त्या दिवशी पाहुणे आले होते सेटवर, निर्मात्यांच्या घरच्या बायका, आणि कुणीतरी नुकतंच सांगितलं होतं त्यांना, ही आमची चालतीबोलती वही. मग ही कशाला उघडतेय वही! "डावा," म्हटलं मी. ठसक्यात. बायका हसल्या, कौतुकानं. दोन पानं उलटायची होती फक्त, पण नाही.

आणि नंतरही संधी होतीच की. शॉट चालू असताना माझं काम काय? हात बघणं. पण आई झालेल्या त्या बाईनं काय काम केलं हो त्या दिवशी! बाही वर सारली, आणि तिच्या चेहऱ्यावर — मी रडायला लागले. अख्ख्या कारकिर्दीत एकदाच मी सिनेमा बघितला, आणि तेव्हाच डाग समोर होता, दिवसाढवळ्या, डाव्या हातावर. तेव्हापासून तो सिनेमा मला बघवत नाही. लोक कोर्टाच्या प्रसंगाला रुमाल काढतात, मी उठून जाते.

रशेसनंतर आरडाओरडा. कोर्टाचा सेट मोडलेला, हिरो परदेशी गेलेला, पुन्हा घेता येईना. वही आण, म्हणाले निर्माते. मी म्हटलं, आणते. ऑफिसात गेले, टेबलावर पेन होतं, कुणाचं ते माहीत नाही, आणि समासात हे लिहिलं. अक्षर बघा किती स्थिर आहे! त्याचीच जास्त किळस येते मला. दादांच्या समोर वाचून दाखवलं मी. "खरं आहे का?" निर्मात्यांनी विचारलं त्यांना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही — माझी पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती, नवरा घरी बसलेला, त्यांना सगळं ठाऊक होतं — आणि म्हणाले, "हो, माझीच चूक." त्या दिवसापासून कुठल्याच स्टुडिओनं त्यांना बोलावलं नाही. कुणी मागितला होता त्यांच्याकडे असला मोठेपणा? भांडायचं होतं! खोटारडी म्हणायचं होतं मला चारचौघांत! मी त्यांचाही राग राग केला, अनेक वर्षं. गेले असतील आता, सुटले —

काय?

म्हणजे आहेत? नव्वदी ओलांडली असेल की. कुठे? तुम्ही आधी त्यांच्याकडे जाऊन आलात, आणि मग इथे, आणि एवढा वेळ मला बोलू दिलंत? वा. काय म्हणाले ते? नाही, सांगा. सांगा म्हणते ना. अजून? अजून स्वतःचीच चूक म्हणतात? आणि? ... "त्या पोरीकडे जाऊ नका, उगाच त्रास होईल तिला."

पोरीकडे. सदुसष्ट वर्षांची आहे मी.

उठा. ही वही न्या. त्यांना वाचून दाखवा हे पान, दिसत नसेल त्यांना आता, आणि शाईचं सांगा, ऑफिसचं सांगा, सगळं सांगा. आणि लिहा तुमच्या लेखात, चूक कोणाची ते, माझ्या नावानिशी लिहा. फक्त ते काय म्हणाले हे मला येऊन सांगायचं नाही. कळलं? फोनही करायचा नाही. "असू दे" म्हणतील ते, मी ओळखते ना त्यांना — आणि ते मला ऐकवणार नाही.

उभे काय राहिलात? निघा.