तीन मिनिटांत बसवलेली बाई

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, माझ्या परिचारिका मैत्रिणींनो, आणि दाराशी उभं राहून घड्याळ बघणाऱ्यांनो,

फुलं दिलीत, खुर्ची दिलीत, बसूनच बोलते. पाय आता ऐकत नाहीत.

तेहतीस वर्षं प्रसूतिगृहात गेली. त्यातली अकरा वर्षं दर अधिवेशनात आमदारांच्या समितीपुढे उभी राहिले. मागणी एकच: कायद्यात नसूनही गर्भपातासाठी रुग्णालयं घालतात ती नवऱ्याच्या सहीची अट काढा. उत्तरही एकच: "अभ्यास चालू आहे." एवढ्या अभ्यासात एखादा डॉक्टर झाला असता.

साक्षीला तीन मिनिटं मिळतात. मी दरवेळी एकाच बाईची गोष्ट सांगायची. शिवणकाम करायची ती. पदरात तीन मुली, नवरा कामासाठी परमुलखात, महिनोन् महिने खबर नाही. सही नाही म्हणून तिला परत पाठवण्यात आलं. आठवड्याने आणली ती कुठल्याशा भोंदूकडून पोट पाडून घेतलेली, तापाने फणफणलेली. वाचली नाही.

पहिल्या वर्षी मी सगळं सांगितलं. मुलींच्या फ्रॉकला ती आवर्जून खिसे लावायची, हेसुद्धा. वेळ पुरेना, म्हणून खिसे काढले. पुढच्या वर्षी मुली काढल्या. मग आमचे वकील म्हणाले, "सिस्टर, स्वतःला कशाला अडकवताय?" म्हणून "मीच तिला परत पाठवलं" हे वाक्यही काढलं. शेवटी उरलं वय, गरोदरपणाचे आठवडे आणि मृत्यूची तारीख. किती सुटसुटीत, नाही का?

यंदा साक्ष संपल्यावर जिन्यात एक तरुण मुलगी भेटली. म्हणाली, "मावशी, मी तिची मधली. माझी आई एवढीच होती का हो? आणि तिला परत कुणी पाठवलं, ते कुणी सांगतच नाही."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी बोलू." अगदी समितीसारखंच.

पुढची वेळ माझी नाही. उद्यापासून मी घरी, आणि सहीची अट आहे तिथेच आहे. थकले मी, खोटं कशाला बोलू? परवाच्या सुनावणीला ती मुलगी उभी राहणार आहे. आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे.

बाळा, तुझ्या आईला मी परत पाठवलं. ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा मीच नाही म्हटलं. समितीला हे सांग, माझ्या हुद्द्यासकट.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं.

तू मात्र घालू नकोस.