दरेकशाजवळ मागितलेलं पाणी

एकट्याने गाडीवर फिरायची माझी हौस कशी संपली, ते सांगतो. दोन हजार आठच्या आसपास मी पुण्याहून मोटरसायकलवर अमरकंटकला निघालो होतो. राज्याच्या पूर्व टोकाला, दरेकशाजवळच्या एका गावात पाणी मागायला थांबलो. अंगात काळं जॅकेट, पायात जाड बूट. मला पाहताच ओट्यावर बसलेली माणसं उठून घरात गेली. एक बाई तेवढी पाण्याचा गडू घेऊन बाहेर आली. गडू माझ्या हातात देऊन तिने विचारलं,

“साहेब, माह्या पोराले कुठी ठेवलं जी? धान कापाच्या वेळी नेलं, अजून आला नाही.”

ती मला पोलीस समजली होती; नक्षलवादी असल्याच्या संशयावरून ते तिथली पोरं उचलून न्यायचे.

“मावशी, मी पोलीस नाही. मी नुसता फिरायला निघालोय.”

“एकटाच? कामासाठी नाही?”

“नाही. असंच.”

तिने गाडीवर बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुले तं कोणी धरून नेलं नाही ना, बाबू? मंग घर सोडून काऊन फिरून राहिला?”

मी गडू तिला परत दिला. अमरकंटक आता एका दिवसावर होतं, पण मी गाडी घराकडे वळवली.