पट्टा मागे घ्या

ईदनंतर इंडोनेशियातल्या सुराबायात, फोटो छापायच्या दुकानात ही मोठी रांग होती. माझ्या पुढे एक म्हातारी, तिच्या पुढे एक तरुण फोटोग्राफर. त्याच्या हातातल्या फोटोत ती केव्हाची डोकावत होती. इथे तरुणाला 'मास' म्हणजे दादा म्हणतात आणि वयस्क बाईला 'बू' म्हणजे आई.

"मास, हा आमच्या मशिदीपुढचा रस्ता ना रे?"

"हो बू. गेल्या वर्षीच्या ईदचा. पुलावरून काढला. सकाळचं ऊन नुकतं रस्त्यावर उतरत होतं. सगळे कपाळ टेकवत सजद्यात गेले आणि रस्ता नाहीसाच झाला. नुसत्या लाटा."

"चेहरा कुणाचाच दिसत नाही."

"तेच तर हवं होतं. नुसत्या पाठी, आणि प्रत्येकाच्या लुंगीचा गडद पट्टा रीतीप्रमाणे बरोब्बर मागे. ह्या एकाने तेवढा घोळ घातलाय बघा, पट्टा पार कुशीला! मोठा छापायच्या आधी कॉम्प्युटरवर सरळ करून घेतो."

"हात लावशील तर खबरदार!"

"का हो, बू?"

"आमचे हे आहेत ते."

"पाठीवरून ओळखलंत?"

"बायकांच्या ओळी मागे असतात ना. एकेचाळीस ईदा हीच पाठ समोर ठेवून नमाज पढले मी. दरवेळी निघताना सांगायची, अहो, पट्टा मागे घ्या. तर म्हणायचे, मागे कोण बघतंय?"

"मग यंदा तरी ऐकलं का त्यांनी?"

"यंदा माझ्या पुढे सगळे पट्टे सरळ होते, बाळा."