जुनीच तार

पंक्चर निघेपर्यंत सायकलच्या दुकानातल्या बाकावर बसलेल्या बाईंना काउंटरवरचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"थोडं तेल द्या हो. ब्रेक दाबला की कचकच आवाज येतो, म्हणते मुलगी."

"नवीन काही बसवलंय का, साहेब?"

"ब्रेक-गिअरचे लिव्हर. घरीच बसवले. तारा मात्र जुन्याच ठेवल्या. चांगल्या होत्या, उगाच कशाला फेकायच्या?"

"बाहेरून चांगल्याच दिसतात. लिव्हरच्या आत, वळणावर, एकेक धागा तुटत जातो, आणि मग एकदम अख्खी तार. लिव्हर आधीपेक्षा जास्त आत जातो का?"

"हो, कालपासून. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला.

"सायकल बाहेर लावलीय ना?"

"नाही, तीच घेऊन गेलीय. टेकडीवर, मैत्रिणीकडे."

"म्हणजे येताना सगळा उतारच. आधी फोन लावा तिला."

गिऱ्हाइकाने फोन लावला. पलीकडे वाजणारी रिंग बाईंना बाकावर ऐकू येत होती.

"उचलत नाहीये."

"लावत राहा, साहेब. उचलेल."

"नाही उचलणार. सायकलवर असताना फोनला हात लावायचा नाही, असं मीच बजावलंय तिला."