सीमधी काही हाय का

मी मूळचा हिवरखेडचा. घरी फुलं अन् भाजीपाला, बाप शेवंती लावे, माय टोपलं घेऊन बाजारात बसे, अन् मी आपला रेडिओ खोलून बसलेला. बाप म्हने हे पोट्टं वावराच्या कामाचं नाही, याले शहरात धाडा. म्हनून अकोल्याले आलो, एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलो, अन् आता वीसक वर्सं झाली, मोटरसायकलले पिशवी अडकवून घरोघर जातो. दुकान नाही माहं. लोकायचे फोन येतात, मी जातो.

काय सांगू तुमाले, अर्धे कॉम्प्युटर तर बिघडलेलेच नसतात. वायर ढिली असते, धूळ बसली असते. रॅम काढाची, खोडरबरानं पुसाची, परत बसवाची, झालं चालू. एकानं मले पार अमरावतीले बोलावलं, भाऊ पडदा काळा झाला, लवकर या, अन् जाऊन पाहतो तर बायकोनं मिक्सरसाठी प्लग काढलेला. माहा स्वभाव तापट हाय, म्या म्हटलं माहा दिवस खाल्ला तुमी, अन् मंग त्याच्याच घरी चहा पेऊन वापस आलो.

पन कवाकवा काहीच जमत नाही, तवा फॉर्मेट मारा लागते. आता हे आयकून ठेवा, कामाचं हाय. कॉम्प्युटरच्या पोटात दोन खोल्या समजा, सी अन् डी. फॉर्मेट मारला का सी पुरी रिकामी होते, डीले हात लागत नाही. म्हनून आमी आधी इचारतो, सीमधी काही हाय का. अन् समदे म्हनतात नाही. कारन लोकं आपलं ठेवनं समोरच्या पडद्यावर ठेवतात, चालू केलं का डोळ्याम्होरं दिसाले पायजे, अन् त्यायले वाटते थे पडद्यावर हाय. पडद्यावर काही नसते बापा, थे समदं सीमधीच असते. हे मले मालूम होतं. पुरं मालूम होतं.

मंगलाबाई म्हनून एक बाई हायेत, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, घरी एकट्याच. त्यायची एकुलती पोरगी रेवती, डेंगूनं गेली, दहाक वर्सं झाली. मी त्यायच्याकडं आधी दोनतीनदा गेलो होतो, पोरीचा फोटो भिंतीवर पाह्यला होता, जास्त काही इचारलं नाही. त्या दिवशी कॉम्प्युटर चालू होये अन् निळा पडदा येऊन बंद पडे. म्या इचारलं, बाई, सीमधी काही हाय का? बाई म्हने नाही बाबू, आतमधी काही नाही, रेवतीचं सगळं समोरच ठेवलं हाय. अन् मी तवा फोनवर बडनेऱ्याच्या एका गिऱ्हाइकाले वरडून सांगून रायलो होतो का प्रिंटरमधी कागद फसला त त्याले उलटा वढू नका. बाईचं बोलनं कानावर पडलं, डोक्यात गेलं नाही. म्या हो हो केलं अन् फॉर्मेट मारला.

डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरले लावून आधी पाहाची असते, तासाभराचं काम हाय. म्होरं तीन घरं होते, म्या थे केलं नाही.

अन् वरून माही एक सवय. फॉर्मेट मारला का मी गिऱ्हाइकाले भजनं, जुने पिक्चर फुकट भरून देतो, लोकं खूश होतात. बाईले डीची खोली उघडता येत नाही म्हनून म्या समदे समोरच, म्हंजे सीमधीच टाकले, लय भरले. बाई खूश झाली, चहा केला.

चार दिवसानं फोन आला. बाबू, रेवती दिसत नाही.

मले काही समजेना. मंग बाईनं सांगतलं का पोरीनं कॉलेजात असतानी भुलाबाईच्या सनाचे गाने त्या कॉम्प्युटरवर सोता म्हनून भरून ठेवले होते, मधी मधी आईसंग बोलनं बी होतं. फोटो लय हायेत, आवाज तेवढाच. तसाच बाईच्या घरी गेलो. डिस्क काढली अन् अमरावतीले गेलो, तिथी एक जन पुसलेलं वापस काढून देते. थो म्हने पुसल्यावर त्या जागेवर दुसरं काही भरलं नसन त निंगते, तुमी काही भरलं का? म्या म्हटलं भजनं. दोन दिवस मशीन लावून ठेवली त्यानं. नावं आली, रेवती एक, रेवती दोन, आई अन् मी. दाबलं का काहीच वाजे ना.

बाईले म्या खोटं सांगतलं. म्हटलं डिस्क जुनी होती, तिनंच दगा देल्ला. बाई म्हने तुहा काय दोष बाबू. लय रडली, अन् मंग मलेच पानी देल्लं.

म्होरं भादव्यात भुलाबाई बसल्यावर बाईकडं माऊस बदलाले गेलो होतो. गल्लीतल्या पोरी गाने म्हनून नुकत्याच गेल्या होत्या. बाई म्हने बाबू, मले आता तिचा आवाज पुरा येत नाही, आठवाले गेली का या पोरीयचाच येते. माह्याच्यानं रायवलं नाही. समदं सांगतलं, फोन, घाई, भजनं, समदं. बाईनं एकच इचारलं, भजनं टाकले नसते त आली असती का? आता हे पक्कं कोनीच सांगू शकत नाही. पन म्या म्हटलं, बरीचशी आली असती बाई.

बाई उठली, ताट वाढलं. मंग म्हने, तुह्यावर राग नाही माहा, पन आता येत नको जाऊ. जेवून जा, अन् मंग येऊ नको. म्या जेवलो. कसा जेवलो माहं मले मालूम.

या गोष्टीले दोन वर्सं झाली. गेलो नाही. आता मी गिऱ्हाइकाले बाजूले बसवतो, एक एक फाईल उघडून दाखवतो, फोन बंद ठेवतो. लोकं कावतात, म्हनतात भाऊ किती वेळ लावता. कावा म्हटलं.

तुमी बी घरी गेल्यावर पहा. आपल्या मानसायचे आवाज असन त दोन जागी काढून ठेवा, एक घराबाहेर, भावाकडं, बहिनीकडं. आजच ठेवा. देव करो अन् तुमच्या घरी मले बोलवाची पाळी न येवो.