सयामी मांजरीची काळी पाठ

अहो, एका मांजरीपायी आमच्या आईवर चोरीचा आळ आला होता! इंग्रजांच्या वेळी ती नगरच्या कॅम्पात एका मडमेकडे कामाला होती. थंडीत मडम मुंबईला गेली, सयामी मांजर आईवर सोपवून. मांजरीला जखम झाली म्हणून डॉक्टरनं पाठीवरचे केस भादरले. पाठ होती दुधासारखी, नवे केस आले काळे! या जातीत थंडीत असंच होतं, हे आम्हाला कुठं ठाऊक?

मडम परतली आणि ओरडली, "ही माझी नाही! तू मांजर बदललीस. दोघी चालत्या व्हा!"

आई जागची हलली नाही. "बाईसाहेब, आधी शेपटीचं टोक चाचपा. तिथलं हाड जन्मापासून वाकडं हाय."

मडमेनं चाचपलं आणि मांजरीला छातीशी धरलं. "सॉरी, बाई."

आई म्हणाली, "मला मागनं. आधी तिला म्हना."