नववी रेघ

मल्हारराव : नाही म्हणजे का नाही, तेवढं सांग. छाणीहून बडोद्याच्या या टोकाला, तरसालीला आलोय या उन्हात, गॅरेज बंद ठेवून.

संपदा : काकानं पाठवलंय ना तुम्हाला?

मल्हारराव : पाठवलं असं नाही. फोनवर म्हणाला, मल्हार, तू बोलून बघ, पुतणी माझं ऐकत नाही. आणि मी आलो तर हा न्हाणीत. दुपारी अडीच वाजता कोण न्हातं?

संपदा : तोच. अवघड बोलणं निघणार असलं की त्याला आंघोळ आठवते. चहा टाकू?

मल्हारराव : चहा राहू दे बाजूला. कंपनी लांब दक्षिणेत, होसूरला नवी फॅक्टरी काढते. बेअरिंग तपासायचं अख्खं खातं तुझ्या हातात देते, वर राहायला क्वार्टर. आणि तू म्हणतेस, विचार करते. कधीपर्यंत कळवायचंय?

संपदा : आज. पाचपर्यंत.

मल्हारराव : मग इथल्या मकरपुऱ्याच्या फॅक्टरीत काय सोनं पुरलंय तुझं?

संपदा : काका आहे. आई-बाबा रेल्वेतून रिटायर होऊन चिपळूणला गेले, तेव्हापासून आम्ही दोघंच. थंडीत त्याचा पाय आखडतो. जिना चढताना कठड्याला धरून उभा राहतो आणि म्हणतो, कोळ्याची जाळी बघत होतो. कोण बघणार त्याच्याकडे?

मल्हारराव : बेस हवे, राहू दे. परवा त्याच पायानं माझी येझदी दुसऱ्या किकला चालू केली त्यानं. मला सात लागतात. त्यातल्या दोन शिव्या देऊन.

संपदा : मल्हारकाका, तुम्हाला एक सांगायचं आहे. खरं तर सगळ्यात आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं.

मल्हारराव : लग्नाबिग्नाचं असेल तर माझ्या बायकोला, विमलाला सांग. मला त्यातलं कळत नाही.

संपदा : मोटरसायकल रेसचं आहे. ब्याण्णव सालची फायनल.

मल्हारराव : अरे. ती तुला आठवते? एवढीशी होतीस. दोन वेण्या, आणि त्यावर कुणाची तरी टोपी.

संपदा : दहा वर्षांची होते. टोपी बाबांची, रेल्वेच्या क्रिकेट टीमची. मला सगळं आठवतं. हायवेच्या अलीकडचं ते मैदान, आता फ्लॅट झालेत तिथे. सकाळी टँकर येऊन पाणी मारून जायचा आणि अकरा वाजेपर्यंत परत धूळच धूळ. बायका पदर तोंडावर घेऊन बसायच्या, नुसते डोळे दिसायचे. ज्यांना जागा मिळायची नाही ते ट्रकच्या टपावर.

मल्हारराव : आणि तो वास.

संपदा : एरंडेलाचा. तुम्ही लोक इंजिनात घालायचात. आमच्याकडे एरंडेल म्हणजे पोट साफ करायचं औषध, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, एवढ्या सगळ्यांचं पोट बिघडलंय.

मल्हारराव : (हसत) हे विमलाला सांगतो.

संपदा : आणि माइकवरचा तो माणूस. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी, आणि कोणी पडलं की इंग्रजी. तुमची गाडी हिरवी होती.

मल्हारराव : हिरवी कधीच नव्हती. माझी लाल.

संपदा : मला हिरवी दिसते.

मल्हारराव : दिसू दे. तिसऱ्या राउंडनंतर सगळ्या एकाच रंगाच्या. नंबरसुद्धा दिसायचे नाहीत. म्हणून तर प्रत्येकानं आपला राउंड मोजणारा घरून आणायचा, असा नियम होता.

संपदा : त्या मोजणाऱ्यांचंच सांगतेय. मांडवात लांब टेबल, प्रत्येकाच्या पुढ्यात पुठ्ठा आणि पेन्सिल. आपला माणूस समोरून गेला की एक रेघ. चार उभ्या आणि पाचवी आडवी. काकाचा मित्र मोजायला यायचा, त्या दिवशी तो कुणाच्या लग्नाला गेला. म्हणून काकानं मला बसवलं. म्हणाला, ही किंचाळत नाही, हिला जमेल.

मल्हारराव : शेजारी आमची विमला. माझ्या रेघा मारत.

संपदा : त्यांनी मला शेंगा दिल्या होत्या. ते मला जास्त लागतं.

मल्हारराव : काय लागतं?

संपदा : पंधरा राउंडची फायनल. काका पुढे, त्याच्या मागे तुम्ही. आठ रेघा मी नीट मारल्या. मग तो एक जण दोरी तोडून सरळ चेवड्याच्या गाडीत घुसला, आठवतं? सगळा तो बडोद्याचा हिरवा चेवडा उधळला. सगळे तिकडे धावले, मीही खुर्चीवर उभी राहून बघत होते. परत वळले तर तुमचा घोळका समोरून जाऊन पुढे निघालेला. नुसती धूळ. मला वाटलं, सगळे गेले म्हणजे काकाही गेलाच असेल, तो तर पुढे होता. आणि मी रेघ मारली. न बघता. नववी.

मल्हारराव : हं.

संपदा : रात्री आईनं त्याचा शर्ट भिजवला तेव्हा पाठीवर घट्ट बसलेली माती निघाली. कोपर सोललेलं. म्हणजे तो पडला होता, लांबच्या वळणावर, जिथून सगळे चेवड्याकडे पळाले होते. एक अख्खा राउंड तो गाडीला किका मारत बसला असणार आणि तुम्ही लोक परत आलात तेव्हा तुमच्यात शिरला. चौदाच झाले होते त्याचे. माझ्या पुठ्ठ्यावर पंधरा. शेवटी तुमच्या दोन हात पुढे होता, म्हणून कप त्याला.

मल्हारराव : विमला तासभर भांडली टेबलावर.

संपदा : मी तिथेच होते. ते पंच म्हणाले, लहान मूल कशाला खोटं लिहील? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. तुमचा कप मी घालवला, मल्हारकाका. आणि कप गेला तर गेला, जिंकला म्हणून मोटरसायकलच्या कंपनीनं काकाला पुण्याच्या रेसला पाठवलं. तिथे पहिल्याच वळणावर पाय गेला. रॉड घातला. ती रेघ नसती तर पुण्याला तुम्ही गेला असता. आता कळलं मी होसूरला का जात नाही ते?

मल्हारराव : थांब जरा. हे तू अठरा वर्षं डोक्यात घेऊन बसलीयेस?

संपदा : डोक्यात कुठे, नोकरीत घेतलंय. दिवसाला चारशे बेअरिंग मोजूनमापून बघते. न बघता एकावरही खूण केलेली नाही. साहेब म्हणतात, तुमच्यासारखी नजर नाही. त्यांना काय माहीत.

मल्हारराव : अगं, पण ते तुझ्या काकाला, विश्वासला तेव्हाच ठाऊक होतं.

संपदा : काय?

मल्हारराव : त्याचे चौदाच झाले ते. पुण्याच्या हॉस्पिटलात मी त्याला बघायला गेलो, पाय टांगलेला, तेव्हा त्यानं स्वतः सांगितलं मला. मी सहा महिने बोललो नाही त्याच्याशी. मग मी बोललो, पण विमला नाही. ती अजून तुमच्याकडे चहा घेत नाही. तुला काय वाटतं, डायबिटीस आहे तिला?

संपदा : त्यानं सांगितलं तुम्हाला.

मल्हारराव : मला वाटलं, तुलाही सांगितलं असेल. इतकी वर्षं. मी तर समजत होतो, मुलगी माया म्हणून करते सगळं.

विश्वासकाका : टॉवेल बदलला का गं? हा नवा पाणीच टिपत नाही. काय मल्हार, जेवून आलास की इथेच?

मल्हारराव : मी निघतो.

संपदा : बसा. काका, तूही बस. नवव्या राउंडला तू कुठे होतास?

विश्वासकाका : ...सांगितलंस तू हिला?

मल्हारराव : मला काय माहीत तू सांगितलं नाहीस. खोटा माणूस आहेस तू. बडोद्यात एवढी माणसं सोडून मला दोस्त म्हणून तूच मिळालास.

संपदा : तूच म्हणायचास, रेस चालवणारा राउंड मोजत नाही, त्याला तेवढी फुरसत नसते. त्यावर मी जगले. मला वाटायचं, त्याला माहीतच नाही, आपल्यालाच माहीत आहे.

विश्वासकाका : पंधरा कोण मोजतो. पण पडलेला एक कळतोच. लांबच्या वळणावर, गाडीखाली. कार्ब्युरेटरमध्ये वाळू. किका मारतोय आणि समोरून हा मल्हार गेला आणि थोड्या वेळानं परत आला. तेवढं मोजायला पुठ्ठा लागत नाही.

संपदा : मग टेबलाशी आलास तेव्हा बोलला का नाहीस?

विश्वासकाका : बोलणार होतो. बघितलं तर तू पुठ्ठा छातीशी धरून उभी. मला वाटलं, पोरीनं माझ्यासाठी मुद्दाम मारली रेघ. आता मी बोललो तर चारचौघांत तू खोटी पडशील.

संपदा : म्हणजे माझ्यासाठी गप्प बसलास.

विश्वासकाका : असं मी बरीच वर्षं सांगत आलो. स्वतःलाच. ते खरं नाही. मला पुण्याला जायचं होतं. कंपनीची गाडी, जपानी इंजिन, कंपनीचा मेकॅनिक. मी चौतीस वर्षांचा होतो, पुढच्या साली कोण विचारणार होतं. तुझी चूक झेंडा पडेपर्यंत होती, संपे. त्यानंतर माझी.

मल्हारराव : हे मला हॉस्पिटलात नव्हतं सांगितलंस. तिथे सगळं पोरीच्या नावावर घातलंस.

विश्वासकाका : हो.

संपदा : बारावीनंतर सुरतेला ॲडमिशन मिळत होती. मी म्हटलं, नको, इथेच बरं. तेव्हा तुला कळलं नाही का म्हणून नको म्हणतेय ते?

विश्वासकाका : कळलं.

संपदा : केयूरच्या घरचे मला मागणी घालायला दोनदा येऊन गेले. तेव्हा?

विश्वासकाका : तेव्हाही. पहिल्यांदा नक्की नव्हतं. दुसऱ्यांदा नक्की झालं.

संपदा : मग रोज रात्री त्या गरम पाण्याच्या पिशव्या मी कशासाठी भरत होते?

विश्वासकाका : बरं वाटायचं.

संपदा : पायाला?

विश्वासकाका : पायालाही.

मल्हारराव : मी खरंच जातो. हे घरातलं आहे.

संपदा : तुम्ही घरातलेच आहात. तुमचा कप आमच्या शोकेसमध्ये आहे.

विश्वासकाका : सुरतेच्या वेळी सांगायचं ठरवलं होतं. दादा-वहिनी नुकतेच चिपळूणला गेले होते. संध्याकाळी कामावरून यायचो तर दिवा लागलेला असायचा, आत कुकरची शिट्टी. म्हटलं, दिवाळीनंतर सांगू. मग संक्रांत. मग सांगायची गरजच वाटेनाशी झाली. तू कधी विचारलं नाहीस.

संपदा : मी विचारायचं होतं?

विश्वासकाका : नाही. मीच सांगायचं होतं. या वेळी मला तोंडानं जमेना, म्हणून याला बोलावला. आणि मला माहीत होतं, याच्या पोटात काही राहत नाही.

मल्हारराव : म्हणजे मुद्दाम? आणि तू आत जाऊन पाणी ओतत बसलास?

विश्वासकाका : दोन बादल्या. कान इकडेच होते.

संपदा : एक सांगू, काका? मला हलकं वाटायला हवं. अठरा वर्षांचं ओझं उतरलं म्हणे. तसं काही होत नाहीये. मला तुझा राग येतोय फक्त. नीट, स्वच्छ राग. पायाचा नाही, कपाचाही नाही. सुरतेचा.

विश्वासकाका : येणारच.

संपदा : आणि तू असा शहाण्यासारखा "येणारच" म्हणतोस त्याचा तर जास्तच.

विश्वासकाका : बरं. नाही म्हणत.

मल्हारराव : तीन वाजून गेलेत. मी फक्त वेळ सांगतोय.

संपदा : माझा मोबाइल त्या स्टुलावर आहे. द्या इकडे. ...हॅलो, सर? संपदा बोलतेय. जी, होसूरचं. हो, ठरलं. नाही, घरचे कोणी अडवत नाहीयेत. एक तारखेपासून? त्याआधीही येऊ शकते. वीसला? चालेल. सकाळी येऊन सही करते. ठेवते.

मल्हारराव : वीसला म्हणजे बारा दिवस. घाई काय एवढी?

संपदा : इथे राहिले तर परत पिशव्या भरेन. हाताला सवय आहे.

विश्वासकाका : वीसला स्टेशनवर येऊ का?

संपदा : नको. मल्हारकाका सोडतील. आणि महिनाभर मी फोन करणार नाही.

विश्वासकाका : बरं.

संपदा : तूही करायचा नाहीस. पाय कसा आहे म्हणून सांगायला नाही, गॅस संपला म्हणून नाही, जेवलीस का म्हणून विचारायलाही नाही.

विश्वासकाका : ते तू विचारतेस. मी कुठे कधी विचारलं?

मल्हारराव : हे मात्र खरं बोलला.

विश्वासकाका : संपदा.

संपदा : काय.

विश्वासकाका : दुपारी जेवलीस का तू?

संपदा : नाही. अजून नाही.